न्हाणीघराचा परवाना

न्हाणीघर हा कांहीं भाषणाचा विषय नव्हे, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. मलाही तसेंच वाटत असे. छत्तीस वर्षें मीं मराठी शाळेंत मुलांना शिकविलें; त्यांत गणित, भूगोल, इतिहास सर्व कांहीं आलें, पण घरांतल्या मोरीचें पाणी कोठें जातें आणि कोणाच्या डोक्यावरून जातें, याविषयीं मीं कधीं एक धडा दिल्याचें स्मरत नाहीं. तो धडा मला स्वतःला निवृत्तीनंतर घ्यावा लागला; आणि तो देणारा माझाच एक विद्यार्थी होता. त्या धड्याची हकीकत आज सांगावयाची आहे. तींत माझी फजिती आहे. परंतु आपली फजिती झांकून उपदेश करणारा मास्तर मुलांना तेव्हांच ओळखूं येतो, आणि श्रोते कांहीं मुलांहून कमी चाणाक्ष नसतात.

आमचें बिऱ्हाड एका तालुक्याच्या गांवीं, सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींत, दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारत सुमारें तीस वर्षांची. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणें मोरी निराळी, संडास निराळा, आणि दोहोंच्या मध्यें साडेचार इंची विटेची भिंत. संडासाची बैठक एक पायरी चढून, उकिडवें बसावयाची. दारें दोन दोन फुटांचीं आणि आंतल्या बाजूस उघडणारीं. तरुणपणीं यांत कांहीं उणें आहे असें मनांतही आलें नाहीं. गुडघे जोपर्यंत कुरकुर करीत नाहींत, तोपर्यंत पायरी ही पायरी आहे हें माणसाच्या ध्यानींही येत नाहीं.

सन २०२४ च्या आषाढांत एके दिवशीं पहाटे माझी पत्नी त्या पायरीवरून घसरून पडली. आवाज ऐकून मी धांवलों. पण ती दारालाच टेकून पडली होती आणि दार आंत उघडणारें! मी ढकलावें तर दार तिच्याच अंगावर जाणार. शेजारच्या दोन तरुणांनीं बिजागऱ्या काढून दार उतरविलें, तेव्हां कोठें तिला बाहेर आणतां आलें. खुब्याजवळ हाड मोडलें होतें. शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वी झाली, आणि घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं मला जवळ बसवून तीन गोष्टी सांगितल्या. उकिडवें बसणें यापुढें बंद, म्हणून कमोड हवा. भिंतीला धरावयास पक्के दांडे हवेत. आणि चालण्याची चौकट, म्हणजे ज्याला आपण वॉकर म्हणतों तो, घेऊन आंत जातां येईल असें दार हवें. हें होईपर्यंत घरीं नेऊं नका, असें त्यांनीं बजाविलें. म्हणून ती आपल्या भावाच्या घरीं, तळमजल्यावर, राहावयास गेली. आणि मी एकटा घरीं येऊन गवंड्याला बोलावणें धाडलें.

गवंडी कामाचा चांगला. त्यानें जागा पाहिली, टेप लावली, आणि म्हणाला, "मास्तर, या दोन खुराड्यांत कांहीं होणार नाहीं. आंतल्या खोलीचा हा कोपरा घेऊं. भिंत घालतों, कमोड तिकडे नेतों, ऐसपैस करून देतों. आठ दिवसांचें काम." मीं सहज विचारलें, याला कोणाची परवानगी वगैरे लागते काय? तो हंसला. "घर तुमचें, पैसे तुमचे. स्वतःच्या घरांत मोरी करायला परवानगी कसली?"

श्रोतेहो, हें उत्तर मला फार आवडलें. मनुष्याला आपल्या सोयीचें उत्तर मिळालें कीं तो दुसरा प्रश्न विचारीत नाहीं. ज्या माणसानें छत्तीस वर्षें मुलांकडून एका दिवसाच्या रजेसाठींही पालकांच्या सहीचा अर्ज मागितला, त्याच माणसानें संस्थेच्या चिटणिसाला एका शब्दानेंही न कळवितां, दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्वतःच्या घरांत घण घालावयास परवानगी दिली.

तिसऱ्या दिवशीं दार वाजलें. आमच्या खालीं पहिल्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात. सारी इमारत त्यांना माई म्हणते. जिना चढून त्या सहसा येत नाहींत. त्या दिवशीं आल्या. पदरांत कांहीं बांधून आणलें होतें. त्यांनीं गांठ सोडली, तों आंत गिलाव्याचे चार तुकडे. म्हणाल्या, "मास्तर, हे माझ्या देवांवर पडले." मी ओशाळलों, क्षमा मागूं लागलों. त्यांनीं मला थांबविलें. "तुमच्या मंडळींना लवकर बरें वाटूं दे. मी भांडायला नाहीं आलें. मला एवढेंच सांगा, तुमचा तो कोपरा म्हणजे माझें स्वयंपाकघर. माझ्या चुलीवरून आतां संडासाची नळी जाणार का?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. मीं त्या कोपऱ्याचा विचार केला होता, पण त्या कोपऱ्याच्या खालीं कोणी राहतें, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

त्याच सायंकाळीं संस्थेच्या चिटणिसाचें पत्र आलें कीं, लेखी संमतीखेरीज चाललेलें काम तात्काळ थांबवावें. खरें सांगावयाचें तर या पत्रानें मला लाज वाटावयाच्या ऐवजीं संताप आला. माझी पत्नी परक्या ठिकाणीं अंथरुणावर, आणि या लोकांना कागद सुचतात! संस्थेची तक्रार करावयाची, या निश्चयानें मी दुसऱ्या दिवशीं नगरपालिकेच्या बांधकाम खात्यांत गेलों. तेथें ज्या इंजिनियरापुढें जाऊन उभा राहिलों, तो उठून माझ्या पायां पडला. चौथींत मीं त्याला भागाकार शिकविला होता.

त्यानें माझें सारें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "गुरुजी, रागावूं नका. आधीं नकाशा काढा." मीं कागदावर खोल्या काढल्या. त्यानें विचारलें, मैल्याची उभी नळी कोठें आहे? मीं दाखविली. नव्या कोपऱ्यापासून ती किती लांब? बारा फूट. "आतां गणित तुम्हींच करा. या नळीला चाळीसांत एक उतार द्यावयाचा असें धरूं. बारा फुटांत किती होईल?" मीं केलें, साडेतीन इंचांहून थोडें अधिक. "त्यांत चार इंचांची नळी, तिची मुरड आणि वरचा थर मिळवा." नऊ-दहा इंच भरले. मग तो म्हणाला, "मोरी-संडासाखालची स्लॅब मुळांतच फूटभर खालीं बसविलेली असते, गवंडी तिला संकन म्हणतात. नळ्या त्या खळग्यांत राहतात. तुमच्या आंतल्या खोलीखालीं तसा खळगा नाहीं. तेव्हां दोनच वाटा. एक तर स्लॅब फोडून नळी खालच्या बाईंच्या स्वयंपाकघरांत लोंबत ठेवावयाची; नाहीं तर तुमची जमीन दहा इंच उंच करावयाची. म्हणजे पायरी. गुरुजी, बाई ज्या पायरीवरून पडल्या, तिच्याहून उंच पायरी तुम्हीं त्यांच्यासाठीं बांधीत आहां."

इतक्या सौम्य शब्दांत इतका कठोर निकाल मीं कधीं ऐकला नव्हता. पाणी आपल्या निकडीकडे पाहून वाहत नाहीं, उतारावरून वाहतें, ही साधी गोष्ट मी विसरलों होतों.

यानंतर त्यानें मला नियम समजावून दिले. ते मीं वहींत उतरून घेतले आणि पुढें स्वतः वाचून पाहिले. त्यांतले मुख्य तेवढे आपणांपुढें मांडतों.

पहिली गोष्ट अशी कीं, प्रत्येक कामाला परवाना लागतोच असें नाहीं. फरशी बदलणें, गिलावा व रंग देणें, फुटका नळ किंवा गळकी नळी बदलणें, आहे त्याच जागीं संडासाचें भांडें काढून दुसरें बसविणें, मोरीची दुरुस्ती करणें, हीं सर्व राहत्या घराच्या नित्याच्या दुरुस्तीचीं कामें. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा जो कायदा आहे, त्याच्या ३४२ व्या कलमांत अशा दुरुस्तीला परवानगीची जरूर नाहीं असें सांगून तिची यादीच दिली आहे. मात्र बांधकामाची लांबी, रुंदी, उंची होती तशीच राहिली पाहिजे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यांतही, केवळ घराच्या आंतल्या भागाला स्पर्श करणाऱ्या आणि बाहेरचें रूप फारसें न पालटणाऱ्या कामांना सवलत आहे. पण या सवलतीवर डोळे मिटून विसंबूं नये. खांब, तुळई, स्लॅब किंवा भार घेणारी भिंत यांना हात लागला, मोरी-संडासाची जागा बदलली, बाल्कनी आंत घेतली, बाहेरच्या भिंतीला नवें भोंक पाडलें, कीं तें काम दुरुस्तीच्या सदरांतून बाहेर पडतें. भिंत हलली कीं मंजूर नकाशा खोटा ठरतो. आणि नकाशा बदलला कीं विचारणें आलेंच. विचारावयास पैसे पडत नाहींत. न विचारल्यास किती पडतात, तें मीं अनुभवलें आहे.

दुसरी गोष्ट, नियमांत न्हाणीघराविषयीं काय लिहिलें आहे ती. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० च्या डिसेंबरांत मंजूर झाली. मुंबई महानगरपालिकेच्या क्षेत्रासाठीं नियमावली निराळी आहे. अशा नियमांचा मतलब सर्वत्र बहुतेक एकच असतो. न्हाणीघर वा संडास यांची निदान एक भिंत बाहेरच्या हवेकडे उघडणारी असावी. जमीन पाणी न शोषणारी असावी व तिचा उतार निचऱ्याकडे असावा, दुसऱ्या खोलीकडे नसावा. भिंतींना निदान मीटरभर उंचीपर्यंत गुळगुळीत, पाणी न मुरणारें आवरण असावें. आणि संडास किंवा न्हाणी ही दुसऱ्या संडासाच्या, मोरीच्या वा गच्चीच्या वर किंवा खालीं असावी. इतर कोणत्याही खोलीच्या वर असूं नये, असलीच तर तिची जमीन पाणी मुळींच झिरपणार नाहीं अशी असावी.

हा शेवटचा नियम वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें माईंच्या पदरांतले चार तुकडे आले. माईंनीं तो नियम वाचलेला नव्हता. पण त्यांचा प्रश्न आणि नियमावलीचें वाक्य यांत मला कांहींच अंतर दिसलें नाहीं. आपण ज्याला सरकारी कटकट म्हणतों, तो पुष्कळदां खालच्या मजल्यावरच्या माणसाचा प्रश्न असतो; तो दार वाजवावयास येऊं शकत नाहीं, म्हणून कोणी तरी आधींच लिहून ठेवलेला असतो.

शिक्षकाची खोड जात नाहीं, म्हणून थोडा इतिहास सांगतों. मोहेंजो-दडो येथें चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं घराघरांत विटांची फरसबंद न्हाणी होती आणि तिचें पाणी रस्त्यांतील झांकलेल्या गटारांत जात असे. एकाच्या मोरीचें पाणी सर्वांच्या रस्त्यानें जावयाचें, तर त्याला सर्वांचा नियम हवा, हें त्या नगरांत दिसून येतें. पुढें हें शहाणपण लोक विसरले, व त्याची शिक्षाही भोगली. लंडनमध्यें १८५४ सालीं पटकीची सांथ आली, तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशीं तिचा संबंध जोडून दाखविला. त्या पंपाच्या विहिरीजवळच एका घराचा मैल्याचा खड्डा झिरपत होता, असें मागाहून आढळलें. एका घराच्या गळक्या खड्ड्यानें सारी पेठ उठविली! आपल्याकडे १८९६ सालीं मुंबईंत व पुढें पुण्यांत प्लेग आला. कोंदट, ओलसर, हवा न खेळणाऱ्या चाळींचा प्रश्न त्या वेळीं ऐरणीवर आला, आणि १८९८ सालीं मुंबईंत शहरसुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. खिडकी इतकी हवी, उतार असा हवा, हीं जीं वाक्यें आज आपणांस रुक्ष वाटतात, त्यांच्या मागें सांथींत गेलेलीं माणसें उभीं आहेत.

आतां पुन्हां माझ्या घराकडे वळूं. माझ्या विद्यार्थ्यानें मला जो मार्ग सांगितला, तो आपणांपैकीं कोणाच्या उपयोगीं पडेल म्हणून क्रमानें सांगतों.

प्रथम त्यानें मला संस्थेकडे धाडलें. सहकारी संस्थेच्या उपविधींप्रमाणें सभासदानें गाळ्यांत फेरफार करण्यापूर्वीं समितीची लेखी परवानगी घ्यावयाची असते. बाहेरच्या सामाईक नळीची गळती संस्थेनें दुरुस्त करावयाची. पण आंतल्या मोरीची, संडासाची गळती ज्याची त्यानें निस्तरावयाची, हेंही तेथेंच ठरलेलें आहे. ज्या चिटणिसावर मी तक्रार करणार होतों, त्याच्याच दारीं मी अर्ज घेऊन गेलों. त्यानें पांच मिनिटांत समितीची सभा ठरविली. मी आधीं गेलों असतों तर आधींच ठरविली असती, एवढेंच तो म्हणाला.

दुसरें, परवाना असलेला इंजिनियर किंवा वास्तुशास्त्रज्ञ नेमावयाचा. नकाशा त्यानें काढावयाचा. जुनें काय, नवें काय, तोडावयाचें काय, हें निरनिराळ्या रंगांनीं दाखवावयाचें. भिंत काढावयाची असेल, तर ती भार घेणारी नाहीं असा बांधकामतज्ज्ञाचा दाखला जोडावयाचा. आमच्या इंजिनियरानें कोपऱ्याचा बेत रद्द केला आणि मोरी व संडास यांच्यामधली ती साडेचार इंची भिंत तेवढी काढून दोहोंचें एक न्हाणीघर करावयाचें ठरविलें. सर्व कांहीं जुन्या खळग्याच्याच वर. नळी जेथल्या तेथें. पायरी कोठेंच नाहीं. दोन दारांच्या जागीं एकच तीन फुटांचें दार, आणि तें बाहेर उघडणारें. गवंड्याच्या ऐसपैस बेतापेक्षां हा बेत लहान होता; आणि खर्चही कमी होता.

तिसरें, कागद. मालमत्ता पत्रक, खरेदीखत व सूची क्रमांक दोनचा उतारा, घरपट्टी भरल्याची पावती, मूळ मंजूर नकाशाची प्रत, संस्थेचें ना हरकत पत्र. अर्ज हल्लीं बहुतेक ठिकाणीं संगणकावरून करावा लागतो, व तो इंजिनियरच दाखल करतो. पण आपल्या नांवानें काय लिहिलें आहे तें वाचल्याखेरीज सही करूं नये. मूळ नकाशा मिळविण्यांत माझे पुष्कळ दिवस गेले. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे कीं, घराच्या मंजूर नकाशाची एक प्रत प्रत्येकानें आजच मिळवून कपाटांत ठेवावी.

येथें माझी दुसरी चोरी उघडकीस आली. दहा-बारा वर्षांपूर्वीं पावसाचें पाणी आंत येतें म्हणून मीं बाल्कनीला पत्रे व फळ्या ठोकून तिची कोठी केली होती. ती मंजूर नकाशांत नव्हती. न्हाणीघराच्या अर्जासाठीं घर पाहावयास आलेल्या माणसाला ती दिसली, आणि अर्ज एका शेऱ्यासह परत आला. कोणाला दोष देणार? पत्रे मींच काढले. घरांत कित्येक वर्षांनीं ऊन आलें, हें मात्र कबूल केलें पाहिजे.

चौथें, वेळ. १९६६ च्या कायद्याप्रमाणें अशा अर्जावर साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असें मानतात. पण लोक या कलमाचें अर्धेंच वाक्य लक्षांत ठेवतात. काम नियमांत बसत असेल तरच हा लाभ आहे. नियमबाह्य कामाला साठ काय, सहाशें दिवस लोटले तरी परवानगी मिळाली असें होत नाहीं. मिळालेली परवानगीही एक वर्षच चालते, पुढें ती वाढवून घ्यावी लागते. मला एकेचाळिसाव्या दिवशीं परवानगी मिळाली.

एकेचाळीस दिवस ऐकावयास थोडे वाटतात. त्या दिवसांत भाद्रपद आला. आमच्या घरीं गौरी बसतात. लग्न झाल्यापासून माझ्या पत्नीनें त्या कधीं चुकविल्या नव्हत्या. त्या वर्षीं ती भावाच्या घरीं खाटेवर, आणि माझ्या घरांत एका बाजूला फोडलेली जमीन, दुसऱ्या बाजूला वाळूचीं पोतीं. गौरी बसल्या नाहींत. तिनें मला दूरध्वनीवरून विचारलें, "आणखी किती दिवस?" मीं म्हटलें, "आतां थोडेच." ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आधीं विचारलें असतेंत तर?" यापुढें ती कांहीं बोलली नाहीं, आणि मीही बोललों नाहीं. कारण हिशेब मला येत होता. पहिल्याच दिवशीं अर्ज केला असता, तर एकेचाळीस दिवस गौरींच्या आधींच संपले असते. तीन दिवसांच्या घाईनें मीं तो सण तिच्या हातून घालविला.

गौरीपूजनाच्या दिवशीं दुपारीं दार वाजलें. माई उभ्या होत्या. हातांत झांकलेलें ताट. "आमच्या गौरींचा नैवेद्य आहे. तुमच्या घरीं यंदा चूल नाहीं, मला ठाऊक आहे." ज्या चुलीवर मी नळी लोंबविणार होतों, त्या चुलीवरच्या पुरणपोळ्या होत्या त्या. श्रोतेहो, तें ताट हातीं घेतांना माझी मान वर झाली नाहीं.

परवाना हातीं पडल्यावर काम तीन आठवड्यांत झालें. खळगा रिकामा केला, जुन्या नळ्या काढल्या, नव्या घातल्या, कोपऱ्यांना गोलाई देऊन पाणीरोधक थर दिला. येथें एक गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फरशी बसविण्यापूर्वीं निचऱ्याचीं तोंडें बंद करून खळग्यांत पाणी भरून ठेवावें आणि खालच्या घराचें छत पाहावें. गवंडी घाई करतात. त्यांचें ऐकूं नये. फरशी बसल्यावर सांपडलेली गळती म्हणजे सारें काम पुन्हां. आम्हीं तीन दिवस पाणी भरून ठेविलें. छत पाहावयाचें काम माईंनीं आपण होऊन अंगावर घेतलें. सकाळीं आणि सायंकाळीं त्या खालून हांक मारीत, "कोरडें आहे हो, मास्तर!" आयुष्यांत मला अनेक तपासनिसांनीं शेरे दिले, पण या शेऱ्याइतका आनंद मला कोणत्याही शेऱ्यानें झाला नाहीं. त्यांच्या छताचा गिलावा मीं अर्थातच माझ्या खर्चानें नवा करून दिला. शेवटीं इंजिनियरानें काम पुरें झाल्याचा अहवाल नगरपालिकेंत दाखल केला, आणि त्याची प्रत मीं नकाशाबरोबर कपाटांत ठेविली.

दसऱ्याच्या चार दिवस आधीं माझी पत्नी घरीं आली. वॉकर घेऊन ती त्या दारांतून एकटी आंत गेली, आणि एकटी बाहेर आली. बाहेरून मी हात पुढें करून उभा होतों. त्याची जरूर पडली नाहीं. ती म्हणाली, "दार बाहेर उघडतें, हें चांगलें केलेंत." तिनें दुसऱ्या कशाचीही स्तुति केली नाहीं, पण त्या एका वाक्यांत त्या पहाटेची सारी आठवण होती, हें मी समजलों.

माझा वेळ संपत आला आहे. शेवटीं एवढेंच सांगतों. ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत, त्यांनीं पडण्याची वाट पाहूं नये. आजच आपल्या न्हाणीघराचें दार मोजावें, पायरी पाहावी, दांडा बसविण्यासारखी भिंत पाहावी. दांडा आणि कमोड यांना बहुधा परवाना लागत नाहीं. तेवढें तरी चार दिवसांत होण्यासारखें आहे. पण भिंतीला हात लावावयाचा असेल, तर दोन दारें आधीं वाजवावीं. एक नगरपालिकेचें, आणि त्याच्याही आधीं, आपल्या खालच्या मजल्यावरचें. पहिल्या दारीं परवाना मिळतो. दुसऱ्या दारीं काय मिळतें, तें मीं आपणांस सांगितलेंच आहे.